जिभेखालची गोळी

यशवर्धनच्या साखरपुड्याची तारीख ठरवायला होणारे व्याही श्रीरामराव घरी आले, त्याच दुपारी त्याच्या वडिलांनी, तुकोजींनी, तुपात बुडवलेल्या बाटीसारखा चौथा बाफला रिचवला आणि छाती धरून सोफ्यावर कलंडले.

"समधीजी, घबराओ मत," श्रीरामराव उठले. आल्यापासून ते स्वतःच उन्हाला नावं ठेवत भिंतीला टेकून होते. हृदयाचा त्रास असल्यामुळे, छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी त्यांच्या खिशात कायम असे. "मुंह खोला. दोन मिनटात आराम पडेल."

तुकोजींनी तोंड घट्ट मिटलं.

रात्री त्यांनी वेगळीच गोळी घेतली होती, पुरुष ज्या तक्रारीबद्दल बोलत नाहीत तिच्यावरची. डॉक्टरांनी रीतसर तपासून लिहून दिली होती आणि बजावलं होतं, "हिच्यावर जिभेखालची गोळी घेतलीत तर रक्तदाब एकदम कोसळेल, जीव जाईल. घरात सांगून ठेवा." पहिलं तुकोजींनी पाठ केलं. दुसरं कसं करणार? संस्थानच्या फौजेत तलवार गाजवलेलं घराणं. बायकोलासुद्धा त्यांनी हा जोम खानदानी असल्याचं सांगितलं होतं.

"अहो, तोंड उघडा ना," मंगलाताई रडकुंडीला आल्या.

"दातखिळी बसली," श्रीरामरावांनी निदान केलं. "यशवर्धन बेटा, चम्मच आण."

यशवर्धनने पाय धरले. चमचा दातांवर खटखटू लागला. खरं सांगायला तोंड उघडावं लागणार, आणि उघडलं की गोळी आत जाणार. घराण्यात इतक्या जिद्दीने कुणी किल्लाही लढवला नसेल. शेवटी तुकोजींनी चमचा भिरकावला.

"गोळी नको. रात्री मर्दानगीची घेतलीय. दोन्ही एकत्र झाल्या तर सीधा वर जाईन."

यशवर्धनने पाय सोडले.

"खानदानी म्हणत होतात ना?" मंगलाताईंनी शांतपणे विचारलं.

आता व्याही हसणार आणि सोयरीक मोडणार, म्हणून तुकोजींनी डोळे मिटले. पण श्रीरामराव पांढरेफटक पडून शेजारी बसले.

"समधीजी, ती बिना चिठ्ठीची, दोस्ताकडून घेतलेली असली तर?"

"कोणी घेतली?"

"मी. आज सकाळी. आणि तुमचे जिने चढलो तेव्हा जिभेखाली ही. तेव्हापासून चक्कर येतायत."

सगळे इस्पितळात धावले. वाटेत तुकोजींना एक दणदणीत ढेकर आली आणि छाती मोकळी झाली. श्रीरामरावांना मात्र सलाइन लावून ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं.

"समधीजी, आमच्या घरी नका सांगू," खाटेवरून श्रीरामराव पुटपुटले.

"वा, असं कसं? घरात सांगून ठेवायचं असतं, डॉक्टरांनी बजावलंय," तुकोजी म्हणाले आणि मोठ्या हौसेने त्यांनी विहीणबाईंचा नंबर लावला.