हिलाल आप्पा आणि सहा घरांची वायर

हिलाल आप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी टीव्हीच्या मागे जातात. पाणी नंतर, चहा नंतर, ख्यालीखुशाली तर त्याहून नंतर. यजमान "बसा, बसा" म्हणत खुर्ची पुढे करत असतात आणि आप्पा भिंत आणि टीव्ही यांच्यामधल्या वीतभर फटीत डोकं घालून वायर चाचपत असतात. मग आतूनच अहिराणीत आवाज येतो, "ढिली शे." म्हणजे वायर सैल आहे.

एकदा त्यांच्या पुतणीसाठी मुलाचं घर बघायला आम्ही सुरतेजवळच्या पलसाण्याला गेलो होतो. शेजारी म्हणून मी आणि आईही होतो. सगळ्यांना पोहे मिळाले आणि आप्पांची बशी घेऊन मुलाची आई घरभर फिरत राहिली. आप्पा टीव्हीमागे उकिडवे बसलेले. बाहेर आले ते कपाळाला जळमट घेऊनच. "पोऱ्या चांगला शे," त्यांनी निकाल दिला, "पन स्प्लिटरनं एक तोंड उघडं ठेयेल शे. ज्या घरले टोपी लावाले वेळ नही, ते घर आमनी पोरले काय सांभाळी?" तो बिचारा मुलगा तसाच उठून बाजारात गेला, टोपी आणली आणि सगळ्यांसमोर बसवली. लग्न जमलं. आजही ती पुतणी म्हणते की माझं लग्न कुंडलीवर नाही, टोपीवर ठरलं.

ज्यांनी टीव्हीच्या मागे कधी डोकं घातलं नाही त्यांच्यासाठी सांगते. स्प्लिटर म्हणजे काडेपेटीएवढा पत्र्याचा ठोकळा. एका बाजूने केबलची वायर आत शिरते आणि दुसऱ्या बाजूच्या दोन, तीन किंवा जास्त तोंडांतून बाहेर पडते. एका लाइनवर अनेक टीव्ही. जे तोंड वापरात नसेल त्यावर धातूची छोटी टोपी बसवायची, नाहीतर सिग्नल बिघडतो. बाकीचे लोक सदऱ्याच्या खिशात पेन ठेवतात, आप्पा स्प्लिटर ठेवतात. धुण्याच्या बादलीत त्यांचे किती स्प्लिटर बुडाले याचा हिशोब काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, कधीच सोडून दिला होता.

आप्पा मूळचे अमळनेरकडचे. तरुणपणी सुरतेत आले, लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, आधी कारागीर, मग मास्तर झाले. बिघडलेला लूम ते पुढून बघायचेच नाहीत. "पुढून सगळंच चांगलं दिखस. मांगून देखा," हे त्यांचं पेटंट वाक्य. भाजीवाल्याची गाडी, नव्या सुनेची साडी, पुढाऱ्याचं भाषण, सगळ्याला हेच. जगात जे काही बिघडतं त्याचं कारण वाटण्या, असंही त्यांचं ठाम मत आहे. गावचं वावर तीन भावांत वाटलं गेलं तेव्हा परत येऊन आईला म्हणाले, "वहिनी, एक लाइन, तीन तोंडं. आते कोनाकडेच चित्र साफ नही."

आणि तरी सगळ्यात जास्त वाटण्या केल्या त्या आप्पांनीच.

सुरतेत पर्वत पाटियाच्या मागे आमची गल्ली आहे. समोरासमोर तीन-तीन घरं, मध्ये एक हातगाडी जाईल एवढी वाट. गल्लीत केबलचा बॉक्स होता फक्त आप्पांकडे. त्यांनी बॉक्सच्या मागच्या गोल तोंडातून वायर काढली, स्प्लिटर लावला आणि सहाही घरांत टीव्ही सुरू करून दिला. एकच अडचण होती. बॉक्स एक, म्हणजे चॅनेलही एक. आप्पा जे लावतील ते सहा घरांनी बघायचं.

त्यासाठी त्यांनी एक रिवाज पाडला. चॅनेल बदलण्याआधी ते रिमोट हातात घेऊन ओटल्यावर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, यायचे आणि हाळी द्यायचे, "चॅनेल बदली करस हो! कोनले काही म्हननं शे का?" मग गल्लीभर कालवा. "थांबा आप्पा, सासू जिन्यावरून पडायचीय अजून!" "मॅच लावा!" "बातम्या!" आप्पा शांतपणे सगळ्यांचं ऐकायचे, मतं मोजायचे आणि आत जायचे. रिमोट मात्र त्यांनी कधी कुणाच्या हातात दिला नाही. काकूंच्याही नाही. "सहा घरनी जबाबदारी शे," म्हणायचे.

केबलवाल्याचा माणूस तपासणीला यायचा तेव्हा गल्लीतल्या सगळ्या बाया एकदम ओल्या साड्या घेऊन बाहेर पडायच्या. सहा घरांना जाणाऱ्या वायरी साड्यांखाली गडप. तो माणूस मान वर करून म्हणायचा, "तुमच्या गल्लीत धुणं फार!" आई गंभीर चेहऱ्याने तिच्या वऱ्हाडीत सांगायची, "साड्याचं गाव हाय न बाप्पा!"

आता ते दिवस आठवले की मला चित्रं आठवत नाहीत, आवाज आठवतो. कुठल्याशा विनोदावर सहा घरं एकाच क्षणी हसायची. आपण हसतोय तेव्हा भिंतीपलीकडेही कुणी हसतंय, यात काय मजा होती ते तेव्हा कळलं नाही. आज फार कळतं.

आप्पांच्या स्वतःच्या टीव्हीवर मात्र कायम मुंग्या. आम्ही पोरं हसायचो, मास्तरांचाच टीव्ही बिघडलेला म्हणून. मोठी झाल्यावर एकदा त्यांच्या स्प्लिटरांची रांग नीट पाहिली तेव्हा उलगडलं. बॉक्स त्यांच्या घरात, पण पहिलं चांगलं तोंड आमच्या घराला, कारण तेव्हा माझे वडील नुकतेच गेले होते. मग दुसरं घर, तिसरं घर, आणि सगळ्यांचं वाटून झाल्यावर शेवटच्या तोंडाला आप्पांचा टीव्ही. मी विचारलं तर म्हणाले, "वाढनारा आधी जेवस का?"

मग इंटरनेट आलं. एकेक घर आपापली लाइन घेऊन वायर सोडवत गेलं. आप्पा प्रत्येक सुटलेल्या तोंडावर टोपी बसवत गेले. काकू गेल्या. मुलगा पुण्याला गेला. शेवटी वायर उरली ती फक्त आमच्या घराची.

आमच्याकडेही मी गेल्या दिवाळीत वायफाय घेतलं आणि हॉलच्या भिंतीवर मोठा टीव्ही लावला. आप्पा बघायला आले, सवयीने कडेला गेले आणि थबकले. टीव्ही भिंतीला चिकटलेला. डोकं घालायला जागाच नाही. "ह्याले पाठच नही," म्हणाले आणि पाणीसुद्धा न पिता गेले. आईने स्वयंपाकघरातला जुना टीव्ही आणि आप्पांची वायर मला काढू दिली नाही. "तुह्या मोठ्या टीव्हीत मले काही गवसत नाही," एवढंच म्हणाली. म्हातारपणाचा हट्ट म्हणून मी सोडून दिलं. रोज संध्याकाळी हाळी यायची, "चॅनेल बदली करस हो!" आणि आई पोळ्या लाटता लाटता ओरडायची, "करा!" सहा घरांच्या मतदानात आता एकच मतदार उरला होता.

आप्पांची नात ओवी आता बोलायला लागली आहे. पण आमच्या गल्लीत घरात मोबाइलला रेंज नाही. तिला बघायचं तर आप्पांना गच्चीवर जावं लागायचं, एका हातात कठडा, एका हातात फोन, आणि गुडघे दोन्ही गेलेले. आमचं वायफाय त्यांच्या घरापर्यंत पोचत नव्हतं, आणि रोज आमच्याकडे येऊन बसायला ते तयार नव्हते. शेवटी मुलाने पुण्याहूनच केबलवाल्याला गाठलं. त्याच लाइनवर इंटरनेट, सोबत नवा बॉक्स, जुना परत द्यायचा.

वायरमन आला तेव्हा आप्पांनी मला बोलावून घेतलं. त्याने बाहेरून आलेल्या केबलला नवा स्प्लिटर लावला, एक तोंड इंटरनेटच्या मोडेमला, एक टीव्हीच्या बॉक्सला. आप्पा खूश. "पहिलं तोंड मोडेमले दे. नात शे तठे." मग त्यांनी नवा बॉक्स उचलला आणि उलटा केला. पुन्हा केला. बोट फिरवून पाहिलं.

"गोल वायर कोठे लागस?"

"काका, आमां गोळ वायरनी जग्या ज नथी," वायरमन म्हणाला. नव्या बॉक्सला ते गोल तोंडच नव्हतं. "एक बॉक्स, एक टीव्ही."

"मंग वहिनीनी वायर कोठे लावू?"

वायरमनने माझ्याकडे बघितलं. मी काही बोलायच्या आत आप्पांनी बॉक्स खोक्यात भरला. "लई जा. माले नको तुन्हा इंटरनेट. जे वाटता येत नही ते काय कामनं?" खोकं त्याच्या हातात देऊन ते टीव्हीच्या मागे गेले आणि तो निघून जाईपर्यंत बाहेर आले नाहीत.

मी तणतणत घरी आले. "तुझ्या त्या डबड्यासाठी आप्पांनी नातीवर पाणी सोडलं," मी आईला सांगितलं. "आता तरी काढ ती वायर."

आईने लाटणं ठेवलं. "मले कुठी त्या टीव्हीत काही दिसते?" ती हळूच म्हणाली. "जुना झाला तो, सारा धुरकट. पन मी वायर काढली तर त्या मानसानं ओटल्यावर येऊन कोनाले विचाराव? दिवसभरात तेवढंच तं बोलते तो."

एक टीव्ही दोघांनी एकमेकांसाठी चालू ठेवला होता आणि बघत कुणीच नव्हतं. रडू आलं मला, लपवत नाही.

आईने हात धुतले, वायर स्वतः फिरवून सोडवली, गुंडाळी केली आणि समोर आप्पांकडे गेली. मी मागोमाग.

"भाऊजी, ही घ्या तुमची वायर."

आप्पांचा चेहरा उतरला. "मन्हं काही चुकनं का, वहिनी?"

"चुकलं तर. नातीचं तोंड पाहाचं सोडून माह्या सिरेलीचं काय घेऊन बसले? बोलवा त्या पोट्ट्याले परत." मग म्हणाली, "संध्याकाळी मीच येत जाईन इथी. पोळ्या लाटून."

वायरमन परत आला. आप्पांनी जुन्या स्प्लिटरच्या त्या पहिल्या तोंडावर टोपी बसवली आणि बोटाने दोनदा आवळली. संध्याकाळी ओवी फोनवर आली, न अडकता, न गोठता. आप्पांनी तिला आधी स्प्लिटर दाखवला. तिने तो खायला मागितला.

मग आईने भिंतीला टेकून तिची मालिका शेवटपर्यंत बघितली. आप्पा सवयीने रिमोट घेऊन उठले, गुडघे धरत ओटल्यावर गेले आणि रिकाम्या गल्लीकडे तोंड करून त्यांनी हाळी दिली, "चॅनेल बदली करस हो! कोनले काही म्हननं शे का?"

समोर आमचं दार बंद होतं. आप्पा तसेच उभे राहिले.

"करा!" आई त्यांच्या पाठीमागून, त्यांच्याच घरातून म्हणाली.

आप्पा वळले. आत आले, आईजवळ थांबले आणि रिमोट तिच्या हातात दिला. मग टीव्हीच्या मागे गेले. तिथे आता बघण्यासारखं काही नव्हतं. तरी बराच वेळ ते तिकडेच होते, आणि "ढिली शे" असा आवाज काही आला नाही.