हलणारा प्रयोग

"समितीची कसली काळजी करतेस? समितीला कसं गुंडाळायचं ते मी पक्कं ठरवलंय!" लोंबकळेने फोनवर बायकोला छातीठोकपणे सांगितलं. पुढे जे रामायण घडलं ते पाहता, छाती जरा कमी ठोकली असती तर बरं झालं असतं.

लोंबकळे हे काही त्याचं आडनाव नव्हे. तंत्र विद्यापीठातल्या त्या विभागात सगळे त्याला याच नावाने हाक मारायचे, कारण गेली तीन वर्षं तो एकच काम करत होता. लोखंडी चौकटीला प्लास्टिकची सळई टांगायची, तिच्या खाली वजनं लोंबकळत ठेवायची आणि सळई किती ताणली जाते ते मोजत बसायचं. महिनाभरात ती केसाइतकीही ताणली जात नसे. पण याच प्लास्टिकचे पाइप उद्या रस्त्याखाली पुरले जाणार, वर्षानुवर्षं भार सोसणार. ते कधी दगा देतील हे कुणीतरी आधी सांगायला नको? अट एकच होती, वजनं मध्येच उतरवायची नाहीत. एकदा उतरवली की सळई आखडते आणि सगळं मुसळ केरात! पुन्हा श्रीगणेशा.

आता फक्त दीड महिना उरला होता. मग प्रबंध, मग पदवी, आणि मग बायकोच्या गावातल्या कॉलेजात नोकरी. लग्न झाल्यापासून दोघं दोन गावांत राहत होती. कॉलेजने जागा या सत्रापुरतीच अडवून धरली होती. बायकोने तर घरात खिडकीजवळ त्याच्यासाठी टेबलही मांडून ठेवलं होतं. सध्या त्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग पडायचा, ही गोष्ट वेगळी.

आणि नेमकी याच वेळी तपासणी समिती येणार!

समिती म्हटलं की विभागाच्या अंगात यायचं. भिंती रंगायच्या, पडदे धुतले जायचे, वर्षभर न दिसलेले प्राध्यापक दिसायचे. जिन्याखालचा पाण्याचा कूलर तेवढा सुटायचा. त्याच्यावर 'नादुरुस्त' अशी पाटी होती आणि त्या विभागात नादुरुस्त वस्तूला कुणी बोट लावत नसे. रंगारीसुद्धा त्याला वळसा घालून भिंत रंगवायचा! आणि समितीपुढे काहीतरी हललंच पाहिजे, हा तर कायदाच होता. शेजारच्या प्रयोगशाळेत पाहुण्यांना फूल देणारा यांत्रिक हात होता. फुलापलीकडे त्याने आजवर काही उचललं नव्हतं, पण कौतुक त्याचंच.

"हे हलत का नाही?" विभागप्रमुखांनी चौकटीपुढे उभं राहून विचारलं.

"हलतंय, सर. पण हळू."

"समिती किती वेळ थांबणार? चहा धरून अर्धा तास! जरा वजनं वरखाली करून दाखव की!"

"सर, वजनांना हात लावला तर तीन वर्षं..."

"ते मला सांगू नकोस. मोटर बसव, बटण बसव. काहीतरी हललं पाहिजे!"

पण गडी डोकेबाज! त्याने शेजारीच दुसरी चौकट उभी करायचं ठरवलं. समितीने ती बघावी, खूश व्हावं, चहा प्यावा आणि जावं. खरी चौकट बिचारी बाजूला सुखात लोंबकळत राहील.

आठवडाभर तो खपला. नव्या चौकटीला निळा रंग दिला, लाल-हिरवे दिवे लावले. बटण दाबलं की वजनं स्प्रिंगवर टुणटुण नाचायची आणि पडद्यावर एक आलेख धावत सुटायचा. तो आलेख कशाचा, हे खुद्द लोंबकळेलाही सांगता आलं नसतं.

"शाब्बास!" विभागप्रमुख चारदा बटण दाबून म्हणाले. "हेच आधी केलं असतंस तर एव्हाना डॉक्टर झाला असतास!"

"आणि खऱ्याला काही होणार नाही ना?" रात्री बायकोने फोनवर विचारलं.

"अगं, याच्यापुढे खऱ्याकडे बघतंय कोण?"

समिती आली. फाटकावर गुच्छ घेऊन उभं राहायचं काम लोंबकळेच्याच गळ्यात पडलं. समितीला मिरवत तो प्रयोगशाळेत शिरला आणि बघतो तर काय! निळी चौकट मधोमध झगमगत होती. खऱ्या चौकटीच्या जागी एक कुंडी होती!

अध्यक्षांनी बटण दाबलं. टुणटुण! "वा!" त्यांनी पुन्हा दाबलं. सगळ्यांना एकेकदा दाबायचं होतं.

लोंबकळेने दाराशी उभ्या असलेल्या शिपाईमामांना गाठलं. "मामा, इथली चौकट?"

"ती गंजकी होय? सर म्हणाले, शोभा जाते, हलवा. जड हो फार! म्हणून आधी वजनं उतरवली. पुसून कपाटात लावलीत बघा, एकावर एक."

"पण तिच्यावर पाटी होती ना, 'हात लावू नये'?"

"ती सरांनी नव्या यंत्राला लावायला सांगितली."

लोंबकळेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. अध्यक्षांनी ते पाहिलं आणि तेही गहिवरले. "कामावर इतका जीव असलेले तरुण हल्ली राहिलेत कुठे?" ते म्हणाले. टाळ्या पडल्या.

समिती गेल्यावर तो विभागप्रमुखांच्या खोलीत घुसला. "सर, तीन वर्षं मातीत गेली माझी!"

"अरे, मला काय स्वप्न पडलं होतं? दोन्हीत सळई, दोन्हीत वजनं! मला वाटलं ते जुनं आणि हे सुधारलेलं. तूच याला रंग दिलास, त्याला साधा फडकाही मारला नाहीस!"

यावर लोंबकळेला संताप येत होता, पण तो नेमका कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं.

समितीने हलणारा प्रयोग आदर्श ठरवला, तो कायम चालू ठेवावा असं सुचवलं आणि तो चालवायला एक कायम जागाही मंजूर केली. ती कुणाला मिळाली हे वेगळं सांगायला नको. बायकोच्या गावातल्या कॉलेजने मात्र आणखी थांबायला नकार दिला आणि दुसऱ्याला घेतलं.

"नोकरी लागली," त्याने फोनवर सांगितलं.

"कुठे?"

"इथेच."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

शनिवारी ती स्वतःच आली. त्याने तिला जिन्याखाली नेलं. तिथे कूलरच्या शेजारी जुनी चौकट उभी होती. नवी सळई, तीच वजनं. वर कूलरचीच काढून लावलेली पाटी: 'नादुरुस्त'.

"पुन्हा पहिल्यापासून?"

"हो."

"पण हे तर चालू आहे ना?"

"चालू आहे म्हणून तर पाटी लावली!"

ती सळईकडे बघत राहिली. "ते टेबल मी शेजारच्यांना देऊन टाकलं," ती म्हणाली.

तेवढ्यात वरून हाक आली. "लोंबकळे! पाहुणे आलेत, बटण दाबायला ये!"

तो जिन्याकडे धावला.

"अरे थांब!" बायको मागून ओरडली. "तुझ्याही गळ्यात अशी एक पाटी अडकव, म्हणजे हे लोक सोडतील तुला!"

तो थांबला. परत आला. कूलरच्या मागे, चौकटीच्या खाली, सगळीकडे त्याने खरोखरच शोधलं. पण दुसरी पाटी काही मिळाली नाही!