अंतरपाटाची दोन टोकं

नातीच्या लग्नात अंतरपाट मीच धरणार, हे मी अख्ख्या कोपरगावाला सांगून ठेवलं होतं. गावातली निम्मी लग्नं मी लावलेली आहेत. पण माझा मुलगा शामकांत म्हणाला, "नाना, तुमचा तोल जातो. धोतर नेसतानासुद्धा भिंत धरता."

"भिंत जुनी झालीय, म्हणून धरतो!"

उतारवयात पाठ पुढे झुकते, पाय लटपटतात, डोळे मिटले की माणूस डुलतो, असं तो मला समजावत बसला. मला! बहात्तर वर्षं मी काय रांगत होतो? संतापाच्या भरात बोलून गेलो, "लग्नात मी पडलो, तर जन्मात पुन्हा अंतरपाटाला हात लावणार नाही."

"ठरलं," शामकांत म्हणाला. कार्ट्याला तेवढंच हवं होतं.

लग्नाच्या दिवशी समोरचं टोक धरायला वरपक्षाचे मार्तंडशास्त्री आले, काष्टीचे. वय माझ्याएवढंच, पाठ विळ्यासारखी. हा गृहस्थ आधी कोसळणार, या विचाराने मला फार बरं वाटलं.

मंगलाष्टकं सुरू झाली. लढाईमुळे साखरेवर रेशन होतं, मंगलाष्टकांवर नव्हतं. नवऱ्याच्या प्रत्येक आत्याने स्वतः रचून आणलेली! तिसरी आत्या उभी राहिली आणि माझ्या पोटऱ्या थरथरू लागल्या. मी अंतरपाट घट्ट धरून जरासा मागे रेललो. काय आधार मिळाला म्हणून सांगू! पाठ ताठ, मान ताठ. शामकांत बघतच राहिला.

मग लक्षात आलं, समोरून कापड ओढलं जातंय.

"शास्त्रीबुवा, ओढू नका," मी दातओठ खात म्हणालो.

"ओढताय तुम्ही!"

खोटारडा! मी आणखी रेललो. तोही रेलला.

शेवटचं 'सावधान' झालं. छगनने सनई फुंकली. आता अंतरपाट बाजूला करायचा. मी टोक सोडायला गेलो आणि थबकलो. सोडलं की मी उताणा! शास्त्र्यांच्या डोळ्यांतही तीच भीती दिसली.

"सोडा की," मी म्हणालो.

"आधी तुम्ही."

"नाना, मुहूर्त टळतोय!" शामकांत ओरडला.

"नाना, लवकर उरका," छगन सनई काढून म्हणाला. "गाल दुखाया लागलं माजं."

नीलांबरी माझीच नात. रागाने लाल झाली. तिने दोन्ही हातांनी अंतरपाट मधोमध वर उचलला, खालून वाकून पलीकडे गेली आणि नवऱ्याच्या गळ्यात माळ घातली. माळ घालायची म्हणजे हातातलं कापड सोडणं आलं. ते सैल पडलं आणि आम्ही दोघे आपापलं टोक धरून धपकन खाली बसलो. निम्म्या अक्षता आमच्याच डोक्यावर पडल्या.

नवरा-नवरी पाया पडायला आली, तेव्हाही आम्ही तिथेच. उठता येईना.

"बरं झालं," माझी बायको दमयंती म्हणाली, "पोरांना पाय शोधावे लागले नाहीत."

शेवटी एकमेकांचे हात धरून, एकमेकांना शिव्या देत आम्ही उठलो. शामकांतला दिलेला शब्द पाळायचा, हे मी तिथेच पक्कं केलं.

काल काष्टीहून माणूस आला. शास्त्रीबुवांच्या पुतणीचं लग्न आहे, अंतरपाट धरायला मी यावं म्हणे. असा संताप आला! ओढत होता तो, पडलो मी, आणि वर बोलावणं!

येतो म्हणून सांगितलंय. दुसरं टोक मात्र शास्त्रीबुवांनीच धरलं पाहिजे.