तिथी गुणिले तीन, भागिले चार

आमच्या मजल्यावरच्या तारीकाकांना कुठलाही आकडा सांगायची सोय नाही. तुम्ही म्हणालात, "पाच मिनिटांत येते," की ते विचारणार, "अधिक-उणे किती?" लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या माणसाला त्यांनी एकदा बारा सदतीसच्या मुहूर्तावरून हेच विचारलं होतं. तो बिचारा म्हणाला, गुरुजींना विचारून सांगतो. रक्त तपासून घेतलं तेव्हा लॅबवाल्या मुलीशी त्यांचा अर्धा तास वाद झाला, कारण रिपोर्टवर साखर किती ते लिहिलं होतं, पण त्यांचं यंत्र किती चुकू शकतं ते लिहिलं नव्हतं. ती म्हणाली, आमचं मशीन चुकत नाही. काका म्हणाले, मग ते मशीन नव्हे.

हा सगळा नोकरीचा परिणाम. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या गेज-रूममध्ये त्यांनी छत्तीस वर्षं काढली. ज्या मापांनी कारखान्यातले बाकीचे लोक माल तपासायचे, ती मापं तपासायची, हे त्यांचं काम. केसाच्या दहाव्या भागाएवढा फरक निघाला तरी ते माप बाद. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण काका अजून बाद करत असतात. दूधवाल्याचं माप, लिफ्टमध्ये लिहिलेलं वजन, माझ्या भिंतीवरचं घड्याळ, सगळं त्यांनी कधी ना कधी बाद केलेलं आहे. लग्न केलेलं नाही. आमच्या सोसायटीत यावरून जो विनोद चालतो, तो तुमच्या लक्षात आलाच असेल.

मी इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला प्रोग्रॅमिंग शिकवते. मे महिन्यात, परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा तपासून माझं डोकं उठलेलं असताना, एका शनिवारी पाच वाजता काका दारात उभे. इस्त्रीचा शर्ट, हातात जुनाच विकत घेतलेला लॅपटॉप आणि दोनशे पानी वही. म्हणाले, "तुझ्या पोरांना शिकवतेस ते मला शिकव. कमी नको."

मी कशाला म्हणून विचारलं. डोकं गंजू नये म्हणून, असं म्हणाले. मला वाटलं, दोन शनिवारांत उत्साह मावळेल. तेवढीच माझीही सुटका.

पहिल्या दिवशी त्यांनी लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि वीस मिनिटं त्याला हात लावला नाही. गेज-रूममध्ये कुठलीही वस्तू बाहेरून आली की आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, मगच मोजायची, अशी पद्धत. मी सांगितलं की काका, कॉम्प्युटरला याची गरज नसते. ते म्हणाले, त्याला नसेल, मला आहे. ती वीस मिनिटं आम्ही दोघं त्या बंद लॅपटॉपकडे बघत बसलो. पुढे प्रत्येक शनिवारी बसलो.

आणखी एक गोष्ट. एरवी मी त्यांना "शुभदा" आणि "अगं". पण शनिवारी पाच ते सहा मी "मॅडम" आणि "तुम्ही". सहाचा ठोका पडला की परत, "शुभदा, कचऱ्याचा डबा आत घे गं." मध्ये संक्रमणकाळ म्हणून काही नाही.

शिकण्यात मात्र माणूस झकास. आमच्या मुलांना मी सेल्सिअसचं फॅरनहाइट करायला सांगितलं की ती कुठून तरी उतरवून आणून देतात. काकांनी आधी विचारलं, हे सेल्सिअस कोणी मोजलं आणि त्याचा थर्मामीटर शेवटचा कधी तपासला होता. मग वहीत पेन्सिलीनं प्रोग्रॅम लिहिला, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून तो स्वतःच्या तोंडानं चालवला, आणि मग तो कॉम्प्युटरला दिला. पहिल्याच फटक्यात उत्तर बरोबर. माझ्या वर्गात हे गेल्या कित्येक वर्षांत घडलेलं नाही, आणि याचा मला थोडा रागच आला.

त्यांची चूकही त्यांनाच शोभेल अशी. एक रीडिंग म्हणजे रीडिंगच नव्हे, असं गेज-रूमचं शास्त्र. निदान तीन घ्यायची. त्यामुळे काकांचा प्रोग्रॅम प्रत्येक गोष्ट तीनदा विचारायचा. वर्तुळाची त्रिज्या तीनदा, ठीक आहे. पण तो नावही तीनदा विचारायचा, आणि तिन्ही जुळली नाहीत तर परत पहिल्यापासून. मी एकदा "शुभदा", "शुभदा" आणि घाईत "शुभद" असं टाइप केलं, तर मला माझ्याच घरात प्रवेश मिळेना. मी चिडले. काका शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमच्या नावात फरक येतोय."

जुलैत मी त्यांना शेवटचं काम दिलं, जे मी मुलांनाही देते. स्वतःच्या आयुष्यातला एक प्रश्न घ्या, मोजा आणि प्रोग्रॅम लिहून सोडवा. मुलं मोबाइलची बॅटरी घेतात. काकांनी भरती घेतली.

काका मूळचे मालवणकडचे, एका खाडीकाठच्या गावचे. वडील खाडीत तर चालवायचे, म्हणजे माणसं होडीतून या काठाची त्या काठाला न्यायचे. घरात घड्याळ नव्हतं, पण भरती किती वाजता ते वडील तोंडी सांगायचे. तिथीला तिनानं गुणायचं, चारानं भागायचं. अष्टमीला सहा वाजता, चतुर्थीला तीन वाजता. सगळ्या किनाऱ्याला ठाऊक असलेला हिशेब. पण तो ढोबळ, काकांना कसा चालणार? छापील कोष्टकं मिळतात ती मोठ्या बंदरांची. यांची खाडी आत वळलेली, तिथे पाणी उशिरा पोचतं. नेमकं किती उशिरा, ते कुठेच लिहिलेलं नाही. वडिलांनाही ते माहीत नव्हतं. काकांना ते काढायचं होतं, आणि त्यासाठी रोजची खरी वेळ हवी होती.

ती वेळ सांगायला गावात त्यांची मोठी बहीण होती. तिला ते बाय म्हणतात. वय एकाहत्तर, वडिलांच्या घरात एकटी राहते. ती रोज धक्क्यावर जायची, पाणी पायऱ्या चढायचं थांबलं की घड्याळ बघायची आणि घरी येऊन भावाला फोनवर सांगायची.

हा फोन मी शनिवारी कित्येकदा ऐकला आहे, कारण काका तो स्पीकरवर घेतात. बाय म्हणायची, तीन बावीस. काका म्हणायचे, तीन बावीस. मग ती म्हणायची, ठेवतंय. बास. पाऊस कसा आहे नाही, जेवलास का नाही. मी विचारलं, तुम्ही एरवी बोलता तरी का? काका म्हणाले, एरवी गणपतीला जातो तेव्हा बोलतो, आता रोज बोलतो. मला कळेना की याला रोज बोलणं म्हणायचं कसं. पण फोन येऊन गेला की ते वहीत आकडा लिहायचे आणि मग बराच वेळ वही मिटायची नाहीत. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी हुशार बाई आहे असा माझा समज आहे.

गणपतीला ते गावी जाऊन आले. तोवर वहीत पुष्कळ आकडे जमले होते. मी त्यांना आकड्यांतून सरासरी फरक कसा काढायचा ते शिकवलं, आणि त्यांचा प्रोग्रॅम चालायला लागला. तिथी टाकली की त्यांच्या खाडीची वेळ यायची, आणि ती काही मिनिटांपलीकडे चुकत नसे. मला मनापासून आनंद झाला. मी म्हणाले, "काका, झालं तुमचं काम. आता बायला रोज धक्क्यावर पाठवायची गरज नाही."

काकांनी वही मिटली. सहा वाजायला दहा मिनिटं असताना उठले आणि गेले.

त्यानंतर त्यांच्या शंका सुरू झाल्या. वाऱ्याचं काय? डोंगरातून पावसाचं पाणी येतं त्याचं काय? चंद्र जवळ असतो, लांब असतो, ते धरलं का? मी उत्तर दिलं की पुढच्या शनिवारी नवी शंका. फोन चालूच, आकडे वहीत पडतच होते. दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा मी वैतागून म्हणाले, आणा इकडे वही, मी बघते काय अडलंय ते.

गणपतीनंतरचे सगळे आकडे मी प्रोग्रॅमला दिले. खरी वेळ आणि वडिलांच्या हिशेबानं येणारी वेळ, यांतला फरक छापायला सांगितला. पडद्यावर शून्य आलं. मग शून्य. मग शून्य. पन्नासेक ओळी, सगळी शून्यं.

आधी वाटलं, माझंच चुकलं. मग मी वहीतल्या वेळा नीट वाचल्या. गणपतीआधीच्या वेळा तीन बावीस, चार नऊ, सहा सव्वीस अशा होत्या. नंतरच्या तीन वाजता, पावणेचार, साडेचार, सव्वापाच. पाव तासांच्या बाहेर एकही नाही. तिथीला तिनानं गुणून चारानं भागलं की याच वेळा येतात. बाय धक्क्यावर जातच नव्हती. घरात बसून वडिलांचा हिशेब करत होती आणि उत्तर भावाला सांगत होती.

आणि आणखी एक दिसलं. त्या प्रत्येक आकड्याभोवती पेन्सिलीनं बारीक गोल काढलेला होता. गेज-रूममध्ये संशयास्पद रीडिंग खोडायचं नसतं, त्याला गोल करायचा, हे काकांनीच मला सांगितलं होतं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"दुसऱ्याच दिवशी कळलं. पाणी असं पाव तास बघून येत नाही." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "गणपतीत बघितलं ना मी. पाटावरून उठताना भिंतीला धरत होती. गुडघे गेलेत तिचे. डॉक्टरकडे चल म्हटलं तर ऐकत नाही. धक्क्याला जाऊ नको म्हणालो असतो. पण मग ती म्हणाली असती, तर आता फोन कशाला करू?"

छत्तीस वर्षं केसाएवढ्या फरकासाठी मापं बाद करणारा माणूस रोज एक धादांत खोटा आकडा ऐकत होता, मोठ्यानं परत म्हणत होता आणि सुवाच्य अक्षरात लिहून ठेवत होता. मला रडू आलं. ते लपवायला मी उगाच लॅपटॉपची वायर सरळ केली. किती दिवस हा माणूस माझ्या शेजारी राहतो आहे, आणि आम्ही त्याच्या लग्नावरून विनोद करतो.

मग मी मॅडमच्या आवाजात म्हणाले, "काका, तुमचं काम झालं म्हणाले ते चुकलं माझं. चंद्राचा फेरा पुरा व्हायला साडेअठरा वर्षं लागतात. खाडीची भरती खरी समजायची तर तेवढी वर्षं रीडिंग घ्यावी लागतात."

हे मी बनवून सांगितलं नाही. शास्त्र तसंच आहे. फक्त पहिल्या वर्षाच्या मुलांना कोणी ते सांगत नाही.

काकांनी मनात बेरीज केली. त्यांच्या वयात अठरा, बायच्या वयात अठरा. ते काही बोलणार तेवढ्यात फोन वाजला. बाय म्हणाली, पावणेसात. काकांनी नेहमीसारखं पावणेसात म्हटलं नाही.

"बाय," ते म्हणाले, "मॅडम म्हणतत, अजून अठरा वर्सां रीडिंगां घेवूक व्हयी."

पलीकडे कुठेतरी कोंबडी ओरडली.

"अठरा?" बाय म्हणाली. "मगे माका गुडघे दाखवूक व्हये. गणपती झाल्यापासून मी पायऱ्यांर गेलंयच नाय रे."

"माका म्हायत आसा."

"मगे लिवलंस कित्याक?"

काकांनी माझ्याकडे बघितलं, तोंडी परीक्षेत अडलेली मुलं बघतात तसं. मी मान खाली घातली.

"तू सांगलंस म्हणान," ते म्हणाले.