डोंगरकड्याच्या पुढे

बागेच्या लोखंडी फाटकावर किल्लीने दोनदा टण-टण केल्याशिवाय खिल्लारेमामा फिरायला निघत नाहीत. मागे बागेत येणाऱ्या बायका खोळंबलेल्या असल्या तरी आधी "डबल!", मग पाऊल.

मामा एसटीत कंडक्टर होते. हिंगोली-नांदेड ही त्यांची गाडी. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती आमच्या तळ्याकाठच्या पायवाटेवर आणली. फाटक म्हणजे हिंगोली, कडुनिंब म्हणजे कळमनुरी, बंद पडलेलं कारंजं म्हणजे बाळापूर, पाण्याकडे तोंड केलेला बाक म्हणजे डोंगरकडा आणि पलीकडच्या काठावरच्या पायऱ्या म्हणजे नांदेड.

प्रवासी एकच, माझा थोरला भाऊ. दादा मुद्दाम मध्येच थांबायचा. "मास्तर, मला इथं उतरायचंय."

"इथं विनंती थांबा न्हाई. गुमान बसून राहा," मामा चालता चालता सांगायचे.

नोकरीभर मामांचं वैर होतं ते खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांशी. "रुमालाला कुठं जायचंय? तिकीट काढतो का त्यो?" असं म्हणत ते रुमाल उचलून बाहेर फेकत. हे त्यांनी दादाला इतक्यांदा सांगितलं होतं, की दादा रोज बाकावर आधी रुमाल टाकायचा आणि मग मामांचं तोंड बघत उभा राहायचा.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत दादाला नांदेडच्या दवाखान्यात नेलं. तिथून तो आला नाही. आम्हाला जाताही आलं नाही. बागेला कुलूप होतं. मी घरात पुस्तक उघडून बसायचो. पान उलटायचं राहून जायचं.

बाग उघडली त्या सकाळी आमच्या घराच्या फाटकावर टण-टण झालं.

"सर, गाडी लागली. काहून बसून राहिलात घरात?"

"मामा, मला सवय नाही चालायची."

"गाडीत बसणाऱ्याला कशाला लागते सवय?"

मी निघालो. कळमनुरी झालं, बाळापूर झालं. डोंगरकड्याला मामांनी खिशातून चौकड्यांचा रुमाल काढला, बाकाच्या मधोमध अंथरला आणि स्वतः एका कडेला बसले. मी दुसऱ्या कडेला. थोड्या वेळाने त्यांनी बाकाच्या दांड्यावर किल्ली वाजवली आणि माघारी वळले.

"नांदेड?" मी विचारलं.

"पुढं रस्ता खराब हाय."

पावसाळा गेला, हिवाळा आला. गाडी रोज डोंगरकड्याहून परत फिरत होती. मधल्या जागेवर कुणी टेकू लागलं, की मामा म्हणत, "जागा धरलेली हाय." आयुष्यभर रुमाल फेकणारा माणूस हे म्हणतोय, यावर दादा पोट धरून हसला असता.

एके दिवशी एक म्हातारी काठी टेकत आली. मी उठायला लागलो, तर मामांनी माझा दंड धरला. "सर, बसा. तुमची जागा तुमची." मग तिला म्हणाले, "मावशी, ही धरलेली हाय."

म्हातारीने रुमालाकडे पाहिलं. "काहून रे बापा, याचे गुडघे दुखून राहिले का?"

मी हसलो. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच. मामा हसले नाहीत.

"मामा," मी म्हणालो, "दादा असता तर तिला बसवलं असतं."

"व्हय. बसवलंच असतं." त्यांनी रुमाल उचलला. "बसा, मावशी."

ती हुश्श करत टेकली. मामा रुमालाची घडी घालत राहिले, एकावर एक, अगदी लहान होईपर्यंत.

"सारी नोकरी पाह्यलं, सर. रुमाल टाकला, की मागून माणूस येतंच. उशीर करतंय, पण येतंय."

त्यांनी घडी खिशात ठेवली, किल्ली काढली. दांड्यावर दोन टोले पडले.

"चला, नांदेड."

आम्ही पायऱ्यांपर्यंत गेलो. रस्ता कुठेच खराब नव्हता.