क्रमांक एकतीस : पूर्वीप्रमाणेच

"अभ्यासाला पैसे देणारे पाहुणे शुक्रवारी येणार," मोठ्या बाई फायली चाळत म्हणाल्या, "आणि त्यांना क्रमांक एकतीसला भेटायचंय."

मुलाखतकाराने चहाचा कप न पिताच खाली ठेवला.

बाईंचा अभ्यास वीस वर्षं चालला होता. तीच हजार माणसं, दर दोन वर्षांनी तेच प्रश्न. काय काम करता, कुठे करता, किती तास, मन रमतं का? माणूस म्हातारा झाला तरी चालेल, पण हरवता कामा नये. गेल्या खेपेस मुलाखतकार नवा होता आणि त्याच्या वाट्याला चाळीस माणसं आली होती. त्यातली एकोणचाळीस सापडली. एकतिसावा शिंपी होता, पत्ता दुकानाचा होता आणि दुकानाला कुलूप होतं. फॉर्म दुसऱ्या दिवशी द्यायचे होते. बिचाऱ्याने 'पूर्वीप्रमाणेच' असा एकच शब्द लिहिला आणि घरी जाऊन निवांत जेवला.

"हजारांत हा एकच! वीस वर्षं एकाच मशीनवर," बाई कौतुकाने म्हणाल्या. "तुमचं कंत्राटही याच आठवड्यात संपतंय ना? पाहुण्यांची भेट झाली की बघू."

म्हणजे एकतिसावा नाही, तर नोकरी नाही. मुलाखतकार धावत सुटला.

दुकानात आता चपला मिळत होत्या. "शिंपी? दोन वर्षं झाली त्याला जाऊन. पडद्यांच्या कारखान्यात बघा."

कारखान्यात म्हणाले, "लाँड्रीत बघा." लाँड्रीत म्हणाले, "वाफ सोसेना त्याला. इस्पितळाच्या गोदामात गेला." गोदामात म्हणाले, "कुठेतरी बैठं काम मिळालं म्हणून गेला हो." कागदावर एका जागी बसलेला हा माणूस गावभर भिंगरीसारखा फिरला होता.

गुरुवारी संध्याकाळी मुलाखतकाराने मेहुण्याला गाठलं.

"भावजी, मला सुईत दोरा ओवता येत नाही."

"ओवायचाच नाही. गळ्यात टेप अडकवायचा आणि काहीही विचारलं तरी 'पूर्वीप्रमाणेच' म्हणायचं."

"आणि पकडलं तर?"

"माझी नोकरी जाईल."

"मग हरकत नाही," मेहुणा म्हणाला.

शुक्रवारी सकाळी मुलाखतकाराने नेहमीसारखी मान खाली घालून कचेरीच्या फाटकावर वॉचमनपुढच्या वहीत सही ठोकली. अकरा वाजता तो बाईंच्या मागे पायरीवर उभा राहिला. पाहुण्यांची गाडी अजून आली नव्हती. आला तो मेहुणा, टेप लावून.

"नाव?" वॉचमनने विचारलं.

मेहुण्याने हातातली चिठ्ठी वाचली. वॉचमनचं पेन थांबलं.

"परत सांगा."

मेहुण्याने मोठ्याने सांगितलं. पायरीवर मुलाखतकाराला घाम फुटला.

"वडिलांचं?"

"पूर्वीप्रमाणेच," मेहुणा म्हणाला.

"अहो, पण हे तर माझं नाव आहे!" वॉचमनने टोपी काढली. "आणि टेप असा नाही घालत. आकडे बाहेर हवेत."

बाईंनी वॉचमनकडे पाहिलं, टेपकडे पाहिलं आणि मग सावकाश मागे वळल्या. "आठ महिने हे तुमच्यासमोर बसताहेत?"

उत्तर वॉचमननेच दिलं. "रोज नमस्कार करतो, बाई. साहेब 'हं' म्हणतात. मला वाटलं, तुमचं ते विचारायचं काम आता बंद झालं."

"यांचा खरा फॉर्म भरा," बाई थंडपणे म्हणाल्या. "मग माझ्या खोलीत या."

मुलाखतकार फाटकाशी स्टुलावर बसला. त्याने कोरा फॉर्म काढला.

"गेल्या दोन वर्षांत काम बदललं?"

"चारदा. तुमचं?"

"आज दुपारी कळेल."

वॉचमनला दया आली. त्याने आपली पाण्याची बाटली पुढे सरकवली.

"इथे दिवसपाळीला आणखी एक माणूस हवाय," तो हळूच म्हणाला. "बैठं काम आहे. समोर येईल त्याचं नाव तेवढं विचारायचं. जमेल ना?"