रमाकांतच्या नावावरचे बाराशे किलोमीटर

मनुष्य किती धावला यापेक्षा, तो धावल्याची नोंद कोठे झाली, याला सुधारलेल्या समाजात अधिक महत्त्व असते. ज्या पळण्याची नोंद नाही ते पळणे म्हणजे नुसती घाई. बारामतीच्या भिगवण रस्त्यावर पहाटे जी मंडळी रंगीत बूट घालून दिसतात, ती म्हणूनच दर दोनशे पावलांनी मनगटाकडे बघतात. (बघण्यासाठी थांबावे लागते. थांबलेला वेळ घड्याळ मोजत नाही, ही त्याची माणुसकी.)

रमाकांत हा या मंडळींचा चिटणीस. वय एक्कावन्न, कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो, घरी पत्नी मालती, ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला. 'सहनशक्ती क्रीडा मंडळ, बारामती-इंदापूर' या संस्थेचे एकूण सदस्य त्रेचाळीस, पैकी प्रत्यक्ष धावणारे सात, पैकी कुणालाही न सांगता धावणारे दोन. रमाकांत गेली सहा वर्षे अंथुर्णे ते मोरगाव हे साठ किलोमीटर एका दमात धावण्याची तयारी करत होता. तयारी खोटी होती असे कुणी म्हणू शकणार नाही. बुटांचे चार जोड, कपाळावर बांधायचा दिवा, क्षारांच्या गोळ्या आणि पाण्याच्या पिशव्या असलेले जाकीट, एवढे सगळे झाले होते. पळणे तेवढे राहिले होते. प्रत्यक्ष मजल अडीच किलोमीटरची, आणि परत येताना रिक्षा.

अशा माणसाकडे एका परदेशी कंपनीने आपले नवे दणकट क्रीडा-घड्याळ परीक्षणासाठी पाठवले. (घड्याळ हा शब्द या तालुक्यात जपून वापरावा लागतो. येथे अभिप्रेत घड्याळ मनगटावरचे आहे.) घड्याळ खरोखरच थोर होते. कड टायटॅनियमची, काच अशी की दगडाने ओरखडा पडू नये. ते उपग्रहांवरून आपली जागा शोधी, झोप मोजी, दम किती उरला ते टक्क्यांत सांगे. शंभर मीटर खोल पाण्यात चाले. आपल्या कालव्याला तेवढे पाणी आले की या गुणाची चाचणी घेण्यात येईल.

अट एकच होती. एकाच व्यक्तीने ते सलग तीस दिवस मनगटावर बांधायचे, म्हणजे घड्याळ धन्याच्या हृदयाची चाल शिकून घेते. खाते रमाकांतच्या नावाने उघडले, आकडे त्याच्याच मोबाइलवर यायचे. एवढे झाले आणि रमाकांतने चूक केली. त्याने ही गोष्ट मंडळाच्या सभेत सांगितली.

मंडळाचे अध्यक्ष रामहरी आबा. अनेक संस्थांचा अनुभव असलेले बागायतदार. ते शेवटचे धावले ते एका सुटलेल्या म्हशीमागे, त्यालाही तीस वर्षे झाली. ते म्हणाले, "एकट्यानं बांधायचं म्हंजी? मंडळाला आलंय ना त्ये? मग सगळ्यास्नी पाळी मिळाया पायजे."

आणि पाळी म्हटली की या भागात नियम ठरलेला आहे. कालव्याचे पाणी आधी शेपटाला, म्हणजे शेवटच्या टोकाला, द्यायचे आणि मग एकेक गाव करत वर यायचे, नाहीतर वरची माणसे खालच्यांसाठी थेंब ठेवत नाहीत. तोच नियम घड्याळाला लावण्याचा ठराव एकमताने झाला. शेपटाकडचे अंथुर्णे पहिले, बारामती शेवटी. कऱ्हाटी आणि मोरगाव कालव्यावर नसल्याने त्यांचा हक्क निघत नव्हता, पण तेथील सदस्यांनी सवयीने अर्ज केला आणि तो सवयीबाहेर मंजूर झाला. तीस दिवस एकाच व्यक्तीने, या अटीचा मंडळाने असा अर्थ लावला की मंडळ ही कायद्याने एकच व्यक्ती आहे.

अंथुर्ण्याच्या भीमा तात्यांना पाच दिवस होते. त्यांनी अकरा ठेवले. (पाळी वेळेवर सुरू होत नाही, तशी वेळेवर बंदही होत नाही.) तात्यांचे गुडघे गेलेले, म्हणून त्यांनी घड्याळ म्हस्कूच्या हातावर बांधले. म्हस्कू हा पाटकरी, म्हणजे कालव्याच्या कडेने चालत कोणाची दारे उघडी, कोणाची बंद, ते बघणारा माणूस. दिवसाला वीस-बावीस किलोमीटर. संध्याकाळी तो घरी गेला की घड्याळ वाया जायला नको म्हणून तात्यांच्या पुतण्याच्या हातावर चढे आणि त्याच्याबरोबर साखर कारखान्यात रात्रपाळी करी. पुढे कऱ्हाटीला ते राजनंदिनीकडे गेले. ही पोलीस भरतीची तयारी करणारी मुलगी, मोरगाव रस्त्यावर पहाटे अशी सुटायची की दूधवाल्याची मोटारसायकल मागे पडावी. शेवटी मोरगावात एका सदस्याने ते आपल्या शेळ्या राखणाऱ्या बाईला, जयवंताला, दिले.

जयवंताने सात दिवसांनी ते परत केले. "सारकं मनगट थरथरवतंय," ती म्हणाली. "पोरगी वाचून दावती, तर म्हनतंय, लई दमलायसा, तीन दिस विसावा घ्या. आन् शेरडं कोन राखनार? त्याला एवढी काळजी हाय तर त्यानंच राखावी."

या सर्व काळात रमाकांतने काय केले? त्याने मोबाइल बघितला. रोज सकाळी खुर्चीत बसून चहा पिता पिता तो आपल्या नावावरचे आकडे वाची. सुरुवातीला त्याला संकोच वाटला. चौथ्या दिवशी संकोच गेला. आठव्या दिवशी आपल्याला हलके वाटते आहे असे त्याच्या ध्यानात आले, आणि पंधराव्या दिवशी तो शिक्षकांच्या खोलीत पाय ताणून म्हणाला, "काल बावीस झाले. पोटऱ्या जरा धरल्यात." पोटऱ्या खरोखरच धरल्या होत्या, हे येथे नमूद करणे भाग आहे.

मालतीला हे रुचत नव्हते. "अहो, तुमच्या नावावर बावीस किलोमीटर," ती म्हणाली, "आणि गच्चीवरचे कपडे आणायला काल तीन जिने मी चढले." यावर रमाकांतने तिला सांगितले की कडक सरावानंतर जिने वर्ज्य असतात.

तीस दिवस संपले तेव्हा पाळी बारामतीत पोहोचलीच नव्हती. परीक्षक म्हणून ज्याची नेमणूक झाली होती, त्याच्या मनगटाला घड्याळाचा स्पर्श झाला नव्हता. खात्यावर नोंद मात्र पुढीलप्रमाणे झाली: रमाकांत, वय एक्कावन्न. अंतर बाराशे चौदा किलोमीटर. हृदयाचे वय एकोणीस वर्षे. झोप रोज सरासरी एक्केचाळीस मिनिटे, तीही बहुतेक कऱ्हाटीत. मानसिक ताण महिनाभर जवळपास शून्य, फक्त एका दुपारी शिखराला. (त्या दुपारी बोकड दुसऱ्याच्या ज्वारीत शिरला होता. त्याला बाहेर काढण्याची नोंद घड्याळाने 'डोंगरी शर्यत' अशी केली.)

हे आकडे कंपनीकडे गेले आणि चौथ्या दिवशी केयूर नावाचा तरतरीत अधिकारी पुण्याहून फोनवर आला. असा खेळाडू कंपनीने पाहिला नव्हता. येत्या रविवारी सरांनी अंथुर्णे ते मोरगाव धावायचे आणि कंपनी त्याचे चित्रीकरण करून देशभर दाखवणार.

आता प्रश्न सरळ होता. खरे सांगावे तर सहा वर्षे जपलेले नाव जाणार. न सांगावे तर साठ किलोमीटर धावायचे, आणि त्यातून जे जाईल त्याला मंडळ फक्त श्रद्धांजली वाहू शकेल. तो दोन दिवस नीट जेवला नाही. मग धीर करून कार्यकारिणीपुढे म्हणाला, "आबा, मला खरं काय ते जाहीर सांगायचंय."

आबांनी कार्यक्रमपत्रिका वर-खाली पाहिली. "कबुली हितं कुठं दिसत न्हाय. आयत्या येळचा विषय म्हनून कबुली घेता येत न्हाय, रमाकांतराव. आठ दिस आदी नोटीस द्याया लागती."

रविवारला दोन दिवस उरले होते.

रविवारी सकाळी सहा वाजता अंथुर्ण्यात नारळ फुटला. हलगी होती, भीमा तात्यांचा फेटा होता. आबांनी पेटीतून घड्याळ काढून रमाकांतच्या मनगटावर स्वहस्ते बांधले, आणि अशा रीतीने बारामतीची पाळी अंथुर्ण्यात सुरू झाली. मागून केयूरची गाडी, गाडीत कॅमेरा आणि मालती, मालतीच्या हातात रमाकांतचा मोबाइल.

पहिले दोन किलोमीटर सवयीचे होते. तिसऱ्यापासून रमाकांत आयुष्यात प्रथमच अनोळखी मुलखात शिरला. छातीत भाता, डोळ्यांपुढे ऊस, उसापुढे पुन्हा ऊस. रिक्षा कुठेही नव्हती. चौथ्या किलोमीटरला मनगट थरथरले: 'आज तुमची गती नेहमीपेक्षा फारच कमी आहे.' पाचव्याला: 'तुम्हाला बरे वाटते आहे ना?' या प्रश्नाने त्याला भरून आले, कारण तो सहा वर्षांत कुणी विचारला नव्हता. तरी तो पळत राहिला. थांबल्यावर बोलावे लागले असते.

सहा किलोमीटर आणि वर थोडे झाले, आणि गाडीत मालतीच्या हातातला मोबाइल भोंग्यासारखा ओरडू लागला. केयूरने गाडी थांबवली. मालतीने संदेश मोठ्याने वाचला. "तुमचे घड्याळ अनोळखी व्यक्तीच्या हातावर आहे. हृदयाची चाल रमाकांत यांच्याशी जुळत नाही. चोरीच्या संशयावरून घड्याळ बंद करण्यात येत आहे. कृपया रमाकांत यांना तातडीने कळवावे."

रमाकांत रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर बसला. मनगटावर काळी काच होती.

"सर, हे काय?" केयूरने विचारले.

"बरोबर बोलतंय ते," रमाकांत म्हणाला. दम लागल्यामुळे त्याला लहान वाक्येच जमत होती, आणि लहान वाक्यांत खोटे बोलता येत नाही. "तो मी नाही. म्हस्कू आहे. राजनंदिनी आहे. जयवंता आहे. तात्यांचा पुतण्या आहे. मी फक्त मोबाइल बघितला. मी कधीच पळालो नाही हो." आणि शरम व सुटका दोन्ही एकदम येऊन तो कॅमेऱ्यासमोर रडला.

मालती गाडीतून उतरली. तिने त्याला पाणी दिले आणि पदराने त्याचे कपाळ पुसले. "सहा किलोमीटर तर झाले की," ती म्हणाली. "स्वतःच्या पायांनी. मी मागून बघत होते." रमाकांतने हिशेब केला, तर ते खरे निघाले. त्याच्या आयुष्यातली ती सर्वांत लांब धाव होती, आणि घड्याळ बंद पडल्यामुळे तिची नोंद राहिली नाही.

कंपनीने चित्रीकरण रद्द केले, पण परीक्षण मागितले. रमाकांतने ते लिहिले आणि चौघांची नावे त्यात घातली. काच उत्तम, बॅटरी उत्तम, पट्टा घामाने सडत नाही (घाम इतरांचा). अचूकतेला पाचपैकी पाच तारे, कारण सबंध तालुक्यात खरे ओळखणारे ते एकटेच निघाले. आबांनी या वाक्यावर हरकत नोंदवली आहे.

परीक्षण प्रसिद्ध होऊन महिना झाला. दोनशे बारा वाचकांची पत्रे आली. साठ किलोमीटर धावण्यासाठी सुरुवात कशी करावी, हे विचारणारा एक. जयवंताची चौकशी करणारे दोघे. उरलेल्या दोनशे नऊ वाचकांचा प्रश्न एकच होता: दुसऱ्याच्या हातावर बांधले, तर घड्याळाला किती दिवस कळत नाही? रमाकांतने सर्वांना एकच छापील उत्तर पाठवले: तीस दिवस. ही हकीकत वाचणाऱ्या आपण हा प्रश्न विचारला नव्हता, हे मान्य आहे. पण आकडा आपल्याला तोंडपाठ झालेला आहे.